पिंपातली पुस्तकं

बाल्टिक समुद्राकाठच्या लाट्वियन भाषेतलं पहिलं पुस्तक कोणतं, हे शोधायला बसले आणि पहिलाच धागा हाती लागला तो जप्तीचा. १५२५ साली रिगाकडे निघालेलं एक पिंप जर्मनीतल्या ल्यूबेक बंदरात अडवलं गेलं. आत लूथरपंथी पुस्तकं, काही लाट्वियनमधली, असं तिथल्या कॅथेड्रलच्या एका धर्मगुरूने टिपून ठेवलंय. त्यांतली एकही प्रत आज नाही. पकडली गेली नसती, तर ती होती हेही बहुधा कळलं नसतं!

मग उरतात सुट्या प्रार्थना. सायमन ग्रुनाऊ या डॉमिनिकन मठवासीयाने साधारण त्याच काळात प्रशियाचा इतिहास लिहिताना 'प्रभूची प्रार्थना' नोंदवली, प्रशियन भाषेतली म्हणून. पुष्कळ वर्षं सगळे ती तशीच समजत आले. ती मुळात लाट्वियनच्या वळणाची आहे, हे अभ्यासकांनी फार नंतर दाखवलं. उतरवून घेणाऱ्यालाच भाषा कोणती ते उमगू नये, याची मला गंमत वाटते.

छापील पुस्तकांत टिकलेलं सर्वांत जुनं १५८५ चं, विल्नियसला छापलेला कॅथलिक कॅटेकिझम. प्रत एकच, तीही स्वीडनमध्ये, उप्सलाला. पुढच्याच वर्षी क्योनिग्सबर्गहून लूथरचा कॅटेकिझम निघाला. दोन पंथांची चढाओढ चालली होती, तिच्यामुळे ही भाषा छापखान्यात पोचली.

आपल्याकडे फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. त्याचीही मूळ छापील प्रत सापडत नाही, पण हस्तलिखितांमुळे आपण ते वाचू तरी शकतो. ल्यूबेकच्या पिंपातली एक ओळही उरली नाही.