वाहनाची उंची आणि वाटेवरील कमान

गाळप हंगाम सुरू झाला की कोपरगाव तालुक्यातील रस्त्यांचे रूप पालटते. कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथील सहकारी साखर कारखान्यांच्या गव्हाणीकडे रात्रंदिवस उसाच्या मोळ्यांनी भरलेले ट्रक, ट्रॅक्टरला जोडलेल्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या जाऊ लागतात. त्याच रस्त्यांवरून शिर्डीकडे जाणाऱ्या भाविकांच्या व्हॅन धावत असतात. त्यांच्या टपावरील कॅरिअरवर बोचकी, पथाऱ्या आणि कधीकधी पालखीचे सामानही बांधलेले असते. शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, कडब्याच्या पेंढ्या भरलेला टेम्पो यांची भर वेगळीच.

या साऱ्या वाहतुकीला वाटेत निरनिराळे अडसर भेटतात. मनमाड-दौंड लोहमार्ग १८७८ पासून या भागातून जातो. त्यावर पूर्वी केवळ फाटकाची दांडी होती; विद्युतीकरण झाल्यापासून रुळांवर विजेची तार आली आणि तिच्या रक्षणासाठी फाटकांच्या दोन्ही अंगांस लोखंडी कमानी आल्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. हा महामार्ग याच तालुक्यातून जात असल्याने अनेक गावरस्त्यांना आता त्याच्या खालून, भुयारी मार्गाने जावे लागते. शेतातून रस्त्यावर येताना महावितरणच्या तारा असतातच. तेव्हा आपल्या वाहनाची उंची किती आणि समोरील अडसराखालची मोकळी जागा किती, हे दोन साधे आकडे ठाऊक असणे ही आता येथील नित्याची गरज झाली आहे. आश्चर्य असे की गाडीचा नंबर, तिचे वजन, तिचे डिझेल हे सारे मुखोद्गत असणाऱ्या चालकालाही तिची उंची विचारली तर तो बहुधा अंदाजच सांगतो.

याचे कारण समजण्यासारखे आहे. लांबी आणि रुंदी चालकाला आरशात दिसते. उंची मात्र त्याच्या डोक्यावर असते. तो ज्या जागी बसतो तेथून गाडीचा सर्वांत उंच भाग त्याला कधीच दिसत नाही.

ओळंबा आणि पाणसळ

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ अन्वये वाहनाची उंची ही वाहन ज्या पृष्ठभागावर उभे असेल तेथपासून मोजावयाची असते. मूळ नियमांत दुमजली नसलेल्या सर्वसाधारण वाहनाला ३.८ मीटरची, म्हणजे सुमारे साडेबारा फुटांची, कमाल मर्यादा होती. जून २०२० मध्ये वाहनांच्या आकारमानाच्या मर्यादांत सुधारणा करण्यात आली. परंतु ही झाली कायद्याची मर्यादा. प्रत्यक्ष व्हॅनची उंची निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असली तरी त्यानंतर टपावर कॅरिअर बसते, वातानुकूलन यंत्राची पेटी बसते, रुग्णवाहिकेवर दिव्यांची पट्टी बसते. पुस्तिकेतील आकडा मग केवळ कागदावर राहतो.

माप घेण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही; गावातील गवंड्याकडे जे असते तेवढे पुरे. वाहन सपाट, पक्क्या जागेवर उभे करावे. चाकांत नेहमीची हवा असावी. टपावरील सर्वांत उंच भागावर एक सरळ फळी अशी ठेवावी की तिचे टोक गाडीच्या बाजूला हातभर बाहेर येईल. पाणसळ लावून फळी समपातळीत आणावी, तिच्या बाहेरील टोकापासून ओळंबा सोडावा आणि फळीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. सर्वांत उंच भाग कोणता हे खालून पाहून ठरवू नये. शिडी लावून पाहावे. पुष्कळदा तो मान आहे त्या कॅरिअरच्या मागील कोपऱ्याला किंवा रेडिओच्या दांडीला असतो, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

वाहन रिकामे असताना मोजावे की भरलेले असताना, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर आहे, दोन्ही वेळा. ट्रकच्या पाट्यांवरील भार उतरला की गाडीचा सांगाडा चार बोटे वर उचलला जातो. सिमेंट वा खत घेऊन मोरीखालून सुखरूप गेलेली बंद पेटीची मालगाडी परतताना रिकामी असूनही त्याच मोरीत अडकते, ती यामुळेच. चालक शपथेवर सांगतो की सकाळी याच वाटेने गेलो होतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

उसाच्या गाडीची गोष्ट याहून अवघड आहे. मोळ्या रचताना त्या एका उंचीवर असतात. धक्क्यांनी मधला भाग दबतो, पण कडेच्या मोळ्या सैल होऊन बाहेर आणि वर येतात. दोर सुटला तर एखादा उसाचा कांडा उभा राहतो. म्हणून अशा गाडीचे माप शेताच्या बांधावर एकदा घेऊन भागत नाही. बांबूवर खुणा करून तो गाडीजवळ बाळगणे आणि मुख्य रस्त्याला लागण्यापूर्वी गाडीशेजारी उभा धरणे, हा स्वस्त व खात्रीचा उपाय होय.

आणखी एक घोटाळा एककांचा आहे. चालक फुटांत बोलतात, फलक मीटरमध्ये असतात. ‘४.५ मीटर’ म्हणजे ‘पंधरा फूट’ असे सरसकट धरले जाते. प्रत्यक्षात ते १४ फूट ९ इंच भरतात. साडेचौदा फूट म्हणजे १४ फूट ६ इंच, परंतु ‘१४.५’ हा आकडा १४ फूट ५ इंच असाही वाचला जातो. चालकाच्या समोर, काचेच्या वरच्या पट्टीवर, उंची दोन्ही एककांत रंगवून घेतल्यास हा घोळ टळतो.

फाटकावरची कमान कशासाठी?

मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. या तारेत २५,००० व्होल्टचा विद्युतदाब असतो. फाटकाच्या जागी ही तार रस्त्यापासून किमान ५.५० मीटर उंच ठेवण्याचा दंडक आहे, तर फाटकापूर्वीच्या कमानीची मोकळी उंची सर्वसाधारणपणे ४.६७ मीटर, म्हणजे १५ फूट ४ इंच, असते. तार साडेपाच मीटरवर असताना कमान इतकी खाली का, रेल्वेने विनाकारण वाहतूक अडवली आहे, अशी तक्रार ग्रामसभांतून ऐकू येते. तिचे उत्तर या दाबातच आहे. घरातील वीज तारेला हात लावल्यावाचून धक्का देत नाही. इतक्या उच्च दाबाची वीज मात्र तारेच्या फार जवळ आलेल्या वस्तूकडे हवेतून झेप घेऊ शकते. स्पर्श होण्याची तिला आवश्यकता नसते. ओला ऊस, लोखंडी साखळी, माणसाचा हात हे सर्व तिला वाट देतात. कमान आणि तार यांमधील ८३ सेंटिमीटरचे अंतर ही वाया गेलेली जागा नसून तेच खरे संरक्षण आहे.

परंतु हे संरक्षण एका ठिकाणी अपुरे पडते आणि त्याकडे ऊसतोडणी मुकादम, कारखान्यांचे शेतकी विभाग व शिक्षक यांनी अवश्य लक्ष द्यावयास हवे. कमान भार मोजते; भारावर बसलेल्या माणसाला ती रोखू शकत नाही. समजा, मोळ्यांची उंची ४.२ मीटर आहे. त्यांवर बसलेला मजूर आणखी ८५ ते ९० सेंटिमीटर उंची वाढवतो. कमान जवळ आली की तो वाकतो, आणि गाडी पुढे गेली की सहजपणे पुन्हा ताठ बसतो. त्या क्षणी त्याचे डोके पाच मीटरच्या वर, तारेपासून अर्ध्या मीटरच्या आत असते. त्याने आळस दिला, कोयता उचलला किंवा डोक्यावरचे फडके सारखे केले तरी पुरे. तोडणी मजुरांची मुलेही याच गाड्यांवर बसून एका फडावरून दुसऱ्या फडावर जातात. फाटकापूर्वी सर्वांना खाली उतरवून पायी पलीकडे नेणे यास दोन मिनिटे लागतात.

गावातील वीजवाहिन्यांच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वाहिनी जमिनीपासून ५.८ मीटर आणि ११ हजार व्होल्टची वाहिनी ६.१ मीटर उंच असावी, असा नियम फार पूर्वीपासून आहे. खांब कलला, तार उन्हाने सैल झाली किंवा खालचा रस्ता उंच झाला की हे अंतर घटते. लोंबती तार बांबूने उचलून कडब्याची गाडी पुढे काढण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तो तत्काळ बंद झाला पाहिजे. अशी तार दिसताच महावितरणच्या कार्यालयास लेखी कळविणे हे ग्रामपंचायत सदस्याचेच काम आहे.

मोरीतील उंची

फाटके बंद करून त्यांच्या जागी भुयारी मार्ग करण्याचे काम रेल्वेने देशभर हाती घेतले आहे. रस्त्यांवरील भुयारी मार्गांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण भागात ५ मीटर व नागरी भागात ५.५ मीटर उभे अंतर सुचविलेले आहे. रेल्वेखालील पुष्कळ लहान मार्ग मात्र मर्यादित उंचीचे असतात आणि तेथे दर्शनी फलकावर लिहिलेली उंचीच प्रमाण मानावी लागते. पण तो आकडाही पूर्ण भरवशाचा नसतो, याची कारणे दोन.

पहिले कारण रस्त्याच्या पातळीचे. दर डांबरीकरणाला रस्ता काही सेंटिमीटर वर येतो. तीन वेळा प्रत्येकी साडेतीन सेंटिमीटरचा थर पडला तर दहा सेंटिमीटरहून अधिक जागा गेली. तुळई मात्र होती तेथेच राहते आणि फलकही बदलत नाही. दुसरे कारण उताराचे. मोरीत रस्ता एका बाजूने उतरतो व दुसऱ्या बाजूने चढतो. वाहनाच्या पुढील व मागील चाकांत ६ मीटर अंतर असेल आणि दोन्ही उतार २५ मीटरला १ मीटर असतील, तर पुढची चाके चढावर व मागची उतारावर असताना गाडीचा मध्यभाग तळापासून नेहमीपेक्षा १२ सेंटिमीटर वर राहतो. लहान व्हॅनला हा फरक कमी जाणवतो, लांब बसला अधिक. म्हणून सपाट अंगणात घेतलेले माप आणि फलकावरील माप यांत किमान वीतभर अंतर शिल्लक राहत नसेल तर त्या वाटेने जाऊ नये.

शहरातील रुग्णालयांच्या तळघरांतील वाहनतळांचीही गोष्ट अशीच. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराची उंची २.४ मीटर असली तरी खाली आलेल्या तुळया व नळ यांमुळे प्रत्यक्ष मोकळी जागा कमी भरते. उंच टपाच्या व्हॅनने रुग्णास घेऊन जाणाऱ्या नातेवाइकांना हे प्रवेशाच्या दांडीपाशीच कळते.

ग्रामपंचायतीची कमान

जड वाहनांनी गावरस्ता खचू नये म्हणून काही गावे स्वतःच लोखंडी आडवी दांडी बसवितात. गोदावरीकाठच्या गावांत वाळूच्या गाड्यांना आवर घालण्यासाठी हा मार्ग लोकांना जवळचा वाटतो. हेतू योग्य असला तरी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ अन्वये वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनास व शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यास आहे. त्यामुळे ठराव करून थेट वेल्डिंगवाल्याला बोलावणे उचित नव्हे. तहसीलदार, बांधकाम विभाग व पोलीस यांच्याकडे प्रस्ताव पाठवावा. प्रस्तावाआधी गावात येणारी रुग्णवाहिका, कोपरगाव नगरपरिषदेचा अग्निशमन बंब, शाळेची बस आणि पाण्याचा टँकर यांची उंची प्रत्यक्ष मोजून नोंदवावी. दांडीखालून वाळूचा ट्रक गेला नाही, पण जळत्या गंजीकडे निघालेला बंबही गेला नाही, असे होता कामा नये. दांडी बिजागरीवर उघडणारी असावी आणि किल्ली कोणाकडे आहे हे पाटीवर लिहिलेले असावे. सरपंच परगावी गेला की किल्लीही परगावी जाते, ही अडचण नवी नाही.

इशारा मात्र दांडीपाशी देऊन उपयोग नाही. तो परत फिरण्यास जागा असलेल्या शेवटच्या चौकातच द्यावा. तांबड्या कडेचे वर्तुळ, त्यात वर-खाली त्रिकोण आणि मध्ये उंचीचा आकडा असे त्यासाठीचे विहित चिन्ह आहे. त्याच्या पुढे, त्याच उंचीवर, टांगलेल्या हलक्या साखळ्या असल्यास भार त्यांना घासून वाजतो आणि नुकसान होण्यापूर्वीच चालक सावध होतो. रस्त्याचे डांबरीकरण झाले की त्याच आठवड्यात टेप घेऊन दांडीखालची आणि मोरीखालची उंची पुन्हा मोजावी, जुना आकडा खोडावा आणि नवा रंगवून त्याखाली मोजल्याची तारीख घालावी.