एकरभर पावसापासून मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीच्या शिवारात एक मिलिमीटर पाऊस पडला, तर रोवणीच्या धांदलीत त्याला कुणी पाऊस म्हणणार नाही. धानाच्या पऱ्ह्यांची पानं जेमतेम ओली होतील, एवढंच. पण एकरभर बांधीवर पडलेला तो एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर पाणी. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे एका एकरावर साडेबावन्न लाख लिटर, दहा हजार लिटरचे ५२६ टँकर. त्यातलं बहुतेक पाणी चार महिन्यांत येतं आणि वाहून जातं.

हाच गुणाकार जिल्ह्यापर्यंत नेऊन पाहा. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ४,०८७ चौरस किलोमीटर. एका वर्षात त्यावर पडणारं पाणी सुमारे १८७ टीएमसी (अब्ज घनफूट) भरतं. कोयना धरणाची आजची क्षमता १०५ टीएमसी. म्हणजे एकट्या भंडाऱ्यावर दरसाल पावणेदोन कोयना कोसळतात, आणि तरी मे महिन्यात बायका हातपंपावर रांगेत उभ्या असतात. सिव्हिल इंजिनिअरिंगचं अख्खं शास्त्र या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत उभं आहे.

ती जागा या भागात आधी भरली ती पदवी नसलेल्या माणसांनी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे तलाव आणि बोड्या बांधल्या. उतार कुठला, पाळ कुठे घालायची, जादा पाणी कुठून काढून द्यायचं, हे सगळं डोळ्यांनी आणि पावलांनी मोजून. पूर्व विदर्भात अशा माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांच्या वर आहे. सरकारी फायलींत त्यांचं नाव ‘मामा तलाव’. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ मात्र तळाशीच साचत राहिला. एखाद्या विद्यापीठाच्या विभागाने शंभर वर्षांत साडेसहा हजार धरणं बांधल्याचं कुणी सांगितलं, तर आपण त्याचा पुतळा उभारू. कोहळ्यांचा पुतळा शोधायला बाहेर पडू नका.

कॉलेजांचा इतिहास त्यामानाने अगदी अलीकडचा. गंगेच्या कालव्याला माणसं हवीत म्हणून १८४७ मध्ये रुरकीला कॉलेज निघालं. तो कालवा सुरू झाला १८५४ मध्ये, आणि त्याच वर्षी पुण्यात बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग भरू लागला. १८६६ मध्ये तो मुंबई विद्यापीठाला जोडला गेला. त्या वर्गाचं पुढे कॉलेज झालं आणि कॉलेजचं स्वतंत्र विद्यापीठ व्हायला २०२२ साल उजाडलं. वर्ग ते विद्यापीठ, १६८ वर्षं. आपल्याकडे धरणंसुद्धा याहून लवकर पुरी होतात, बहुतेक वेळा.

पुण्याच्या या कॉलेजातून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. १९०३ मध्ये त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी आठ फूट जास्त चढू लागलं आणि साठा सुमारे चौथाईने वाढला. भिंत मुळीच उंच न करता चौथाई धरण जास्तीचं मिळालं. मला या विद्येतलं हे गणित फार आवडतं, कारण त्यात दगड कमी आणि डोकं जास्त आहे. (तेच खडकवासला धरण १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या लोंढ्याने फोडलं, हाही याच विषयाचा धडा.)

विदर्भाला असं मोठं कॉलेज मिळायला शतक लोटलं. नागपुरात १९५६ मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, ते सामावून घेत १९६० मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं आणि १९६२ मध्ये त्याला विश्वेश्वरय्यांचं नाव दिलं गेलं. आज आपण त्याला व्हीएनआयटी म्हणतो. अशा कॉलेजच्या सिव्हिल विभागात शिकणाऱ्या पोराला त्या काळी कुठल्या आकड्यांची स्वप्नं पडत असतील? उजवीकडे शून्य वाढत जाणाऱ्या.

तसा आकडा भंडाऱ्यातच आहे. २२ एप्रिल १९८८ ला पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. भिंतीची लांबी साडेअकरा किलोमीटरला थोडी कमी, दरवाजे ३३, एकूण साठवण १,१४६ दशलक्ष घनमीटर. लिटरमध्ये लिहायचं तर १ लाख १४ हजार ६०० कोटी. २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी महाराष्ट्राला हे पाणी वाटून दिलं, तर तान्ह्या मुलासकट प्रत्येकाच्या वाट्याला १०,२०० लिटर येतं. शहरी मापाने, माणशी रोज १३५ लिटर धरलं, तर अडीच महिने पुरेल. खर्चाचा आकडाही कमी नाही: मूळ अंदाज ३७२ कोटींचा, २०१६ चा सुधारित १८,४९४ कोटींचा. पाणी आठ फूट चढवण्याचं गणित पाठ्यपुस्तकात असतं. किंमत पन्नास पटीने चढवण्याचं कुठल्या विभागात शिकवतात कोण जाणे.

आतापर्यंतचे सगळे आकडे भिंतींचे आणि साठ्यांचे. सिव्हिल विभागांना प्रतिष्ठा यांनीच दिली. पण नागपुरातच, व्हीएनआयटीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली होती. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी झाली. तिथली शून्यं उलट्या बाजूने, दशांशचिन्हानंतर वाढतात. जगभरच्या सिव्हिल विभागांच्या पाटीवर ‘पर्यावरण’ चढलं ते या लहान आकड्यांमुळे. माझ्या मते मोठ्या आकड्यांपेक्षा हेच जास्त अवघड, कारण इथे चूक दिसत नाही. भिंतीला तडा गेला तर गावभर बोभाटा होतो. पाण्यातला मिलिग्रॅम गुपचूप पोटात जातो.

नाकाडोंगरीच्या पट्ट्यातच याचं उदाहरण सापडतं. डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण इथलीच. तिच्यातलं डायऑक्साइड खनिज बॅटऱ्यांसाठी नावाजलेलं. ज्या मॉइल कंपनीची ही खाण, तिच्या सगळ्या खाणींचं मिळून २०२३-२४ चं उत्पादन १७ लाख टनांहून जास्त. आणि पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे मॅंगनीज किती चालतं? लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम; दुसरा स्रोतच नसेल तर ०.३.

आता भागाकार करा. एक किलो मॅंगनीज पाण्यात पुरतं विरघळलं, तर ते एक कोटी लिटर पाण्याला मर्यादेवर नेऊन ठेवतं. म्हणजे सुरुवातीच्या हिशोबातल्या जवळजवळ दोन एकरांचा वर्षभराचा पाऊस. अख्खं गोसीखुर्द मर्यादेपर्यंत न्यायला ११५ टन पुरतील, दहा टनी ट्रकांच्या अकरा-बारा खेपा. घाबरायचं कारण नाही, कारण खनिजातलं मॅंगनीज सहजासहजी विरघळत नाही. ते विरघळतं प्राणवायू संपलेल्या पाण्यात. आणि प्राणवायू संपतो कशाने? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: सांडपाण्याने.

इथे दोन्ही टोकं एकाच नदीत येतात. नाकाडोंगरीकडचं पाणी बावनथडीतून वैनगंगेला मिळतं. नागपूरची नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. हे सगळं पुढे गोसीखुर्दच्या भिंतीला येऊन टेकतं. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. माणशी १३५ लिटर वापरातले ऐंशी टक्के गटारात जातात असं धरलं, तर रोजचं सांडपाणी २६ कोटी लिटर. कच्च्या सांडपाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या हवामानात स्वच्छ नदीच्या लिटरभर पाण्यात तो असतो आठ मिलिग्रॅम. म्हणजे लिटरभर सांडपाणी आपल्या भुकेसाठी ३१ लिटर नदी गुदमरवून टाकतं. प्रक्रियेविना सोडलेलं एका दिवसाचं सांडपाणी ८०० कोटींहून जास्त लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊ शकतं. काठोकाठ भरलेलं गोसीखुर्द या हिशोबाने १४१ दिवसांचं धनी.

प्रत्यक्षात तसं होत नाही. काही सांडपाण्यावर प्रक्रिया होते, वाहतं पाणी हवेतून प्राणवायू परत घेतं, आणि पावसाळ्यात ३३ दरवाजे उघडले की सगळं गणितच खालच्या जिल्ह्यांकडे वाहून जातं. पण मे महिन्यात धरण बरंच खाली आलेलं असतं आणि पाणी वाहत नसतं. तेव्हाही नागपूरचे नळ रोज सुटतात. भागाकारातला अंश तेवढाच राहतो, छेद आटत जातो.