सातबारा वाचता येतो? मग एसक्यूएल अर्धं आलंच!

डीबीएमएसचा पेपर म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. टेबल, प्रायमरी की, जॉइन... सगळं पाठ करायचं आणि परीक्षा संपली की विसरायचं. पण नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यातल्या पोरापोरींच्या घरी तर अख्ख्या डेटाबेसचा नमुना कपाटात पडलेला असतो. सातबारा!

दिसायला कागद एक, पण त्यात तक्ते दोन. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची नि किती. नमुना बारा सांगतो त्यात पेरलं काय, सोयाबीन, तूर की कपाशी. मालकाचं नाव दर हंगामात पिकापुढं पुन्हा लिहीत बसत नाहीत. गट क्रमांकानं दोन्ही तक्ते जोडले जातात. माहिती एकदाच ठेवायची आणि क्रमांकानं जोडायची, हेच रिलेशनल डेटाबेसचं मर्म. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी ते १९७० साली मांडलं. तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी भाषा आणली, तीच पुढं एसक्यूएल झाली.

आता प्रश्न विचारू. समजा, ‘पीक’ नावाचं टेबल आहे. गट ११२ मध्ये काय पेरलं?

सिलेक्ट पिकाचे_नाव फ्रॉम पीक व्हेअर गट = ११२;

कमांड टाइप करायच्या इंग्रजीत, पण अर्थ सरळ आहे: काय हवं, कुठून हवं, कोणत्या अटीवर. प्रत्येक पिकाखालचं एकूण क्षेत्र हवं असेल तर ‘ग्रुप बाय’ आणि ‘सम’ वापरा. २०२१ पासून राज्यभर शेतकरी ई-पीक पाहणीत मोबाइलवरून पीक नोंदवतात. ती प्रत्येक नोंद म्हणजे एक ‘इन्सर्ट’च समजा.

आता खरी मेख. गट ११२ शेजारच्या गावातही असू शकतो. म्हणजे नुसता गट क्रमांक ही की होत नाही. गाव आणि गट मिळून होते. नावावर तर अजिबात विसंबू नका. सातबाऱ्यावर ‘रामराव’, आधारवर ‘रामरावजी’, बँकेत नुसतं ‘राम’. माणूस एकच, पण कम्प्युटरच्या लेखी तिघं. अशा नावांवर जॉइन लावला की ओळ गळते. गळलेली ओळ म्हणजे कुणाचं तरी अडलेलं अनुदान आणि तहसीलच्या चकरा. म्हणून जॉइन नेहमी क्रमांकावर.

बदल करतानाही शिस्त लागते. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनींचे व्यवहार झाले. पण सातबारा कुणी परस्पर खोडून बदलत नाही. आधी नमुना सहात फेरफाराची नोंद, मग नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. डेटाबेसमध्ये यालाच ट्रान्झॅक्शन म्हणता येईल: नोंद बरोबर असेल तर ‘कमिट’, नसेल तर ‘रोलबॅक’. ‘अपडेट’ लिहिताना ‘व्हेअर’ विसरलात तर एका शेताऐवजी अख्ख्या गावाचा मालक बदलेल! म्हणून आधी तीच अट लावून ‘सिलेक्ट’ चालवा, किती ओळी येतात ते बघा, मगच हात लावा.

सुरुवातीला महागडा लॅपटॉप किंवा क्लास लागत नाही. एसक्यूलाइट फुकट आहे, अँड्रॉइड फोनमधली कितीतरी अॅप्स आतून तेच वापरतात. आज तीन टेबलं बनवा: खातेदार, शेत, पीक. प्रत्येकात दहा-दहा काल्पनिक ओळी भरा. मग स्वतःला विचारा: कोणत्या खातेदारानं यंदा काहीच पेरलं नाही? ‘लेफ्ट जॉइन’ वापरून हे उत्तर ज्याला काढता आलं, त्याला मुलाखतीतही घाबरायचं कारण नाही. आणि गावात कुणाची नोंद अडली, तर ती नेमकी कुठं अडली असेल, हेही त्याला पहिल्यांदा सुचेल.