एकच दाणा, वेगळा पिंड

नोकरीच्या निमित्ताने मी तळेगावात स्थायिक झालो, पण आमचे मूळ घर पवन मावळात. रविवार आला की पाय आपोआप तिकडे वळतात. गेल्या हिवाळ्यात असाच गेलो, तेव्हा वहिनी परसात दोन कोंबड्या साफ करत बसल्या होत्या. एक त्यांच्या खुराड्यातली गावरान तलंग, दुसरी पुतण्याच्या शेडमधली ब्रॉयलर. पिल्लू असताना ती लंगडत होती म्हणून वहिनींनी उचलून आणली आणि आपल्या कोंबड्यांत सोडून दिली. तांदळाच्या कण्या, मका, उकिरड्यावरचे किडे. जे एकीला ते दुसरीला.

‘‘भावजी, हे बघा,’’ वहिनींनी ब्रॉयलरच्या पोटातून चरबीचा मूठभर गोळा काढून ताटलीत ठेवला. तलंगेच्या पोटात मात्र नावापुरता पातळ पापुद्रा. ‘‘दाणा एकच, अंगण एकच. मग हिच्याच पोटात एवढं कुठनं आलं?’’

तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. शिवाय हा प्रश्न नुसता ताटलीतला नव्हता. पुतण्याला दुसऱ्या शेडसाठी कर्ज काढायचे होते आणि दादा माझा सल्ला मागत होते.

हाच प्रश्न फ्रान्समधल्या बर्नार लक्लेर्क या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात विचारला. त्याने एकाच मूळच्या कोंबड्यांचे दोन गट पाडले. एका गटात पिढ्यान्‌पिढ्या चरबीदार घराण्यांची पैदास केली, दुसऱ्यात सडसडीत घराण्यांची. वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहील असे पाहिले. काही पिढ्यांतच दोन्ही गटांच्या पोटातल्या चरबीत कित्येक पटींचा फरक पडला. चीनमध्ये हार्बिन येथेही १९९६पासून असे दोन वाण जोपासले गेले. निष्कर्ष एकच : खाल्लेल्या दाण्याचे मांस करायचे की चरबी, याचा कल पक्षी बऱ्याच अंशी जन्मतःच घेऊन येतो.

हे एखाद्या जनुकाचे काम नव्हे. कोंबडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. २००४मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि चरबीशी संबंधित जागा अनेक गुणसूत्रांवर विखुरलेल्या दिसल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. सगळ्या मिळून गोळा होतो. कोंबडीची चरबी मुख्यतः यकृतात तयार होते आणि रक्तातून पोटाकडे जाऊन साठते. आणखी एक गंमत : धडधाकट कोंबडीच्या रक्तातली साखर माणसाच्या जवळजवळ दुप्पट असते. हे ऐकून दादा म्हणाले, ‘‘म्हणजे मला डॉक्टर ओरडतात, तेवढ्यावर ती खुशाल आरवते!’’

पण ब्रॉयलरमध्ये हा कल आला कुठून? माणसाने मागितले, म्हणून आला. व्यापारी पैदाशीत आधी एकच गोष्ट पाहिली गेली : कमी दिवसांत जास्त वजन. भराभर वाढते ते पिल्लू बहुधा खादाड असते, आणि खादाडाच्या अंगी चरबीही धरते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकत्र वाढवले. खाद्य तेच. ५६व्या दिवशी वजने भरली अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम! आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले.

नंतर उत्पादकांच्या ध्यानात आले की चरबी महाग पडते. मांसात बराचसा भाग पाणी असतो; चरबीच्या प्रत्येक ग्रॅममागे नऊ कॅलरी साठवाव्या लागतात, म्हणजे तेवढे खाद्य फुकट. कराराने पक्षी वाढवणाऱ्या पुतण्याचा हिशेबही किती किलो खाद्यात किती किलो पक्षी, यावरच होतो. म्हणून पैदाशीत सडसडीतपणाही पाहिला जाऊ लागला. आजची ब्रॉयलर पूर्वीइतकी चरबीदार नाही. पण ती सहा आठवड्यांत विकायची असते. वहिनींनी तिला तीन महिने ठेवले. हाडामांसाची वाढ मंदावली, भूक मात्र तशीच राहिली. त्या भुकेचा गोळा ताटलीत आला.

‘‘मग यांच्या आया तर हत्तीसारख्या होत असतील,’’ वहिनी म्हणाल्या.

होऊ शकतात, म्हणून त्यांना होऊ देत नाहीत. ब्रॉयलरची अंडी देणाऱ्या पैदाशीच्या कोंबड्यांना खाद्य मोजूनमापून, भुकेपेक्षा बरेच कमी द्यावे लागते. पोटभर दिले तर त्या लठ्ठ होतात आणि अंडी घटतात. भूक वाढवली ती पिल्लांसाठी; ती सोसायची मात्र आईने.

वहिनींचा हात थांबला. ‘‘आईला उपाशी ठेवून पोरं खाती केली म्हणा की!’’

यावर मला उत्तर सुचले नाही. पुतण्याही गप्प होता. गेल्या वैशाखात भर दुपारी वीज गेली, पंखे थांबले आणि तासाभरात त्याचे दीडशेच्या वर पक्षी भाताच्या तुसावर आडवे झाले होते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या, हाच तिचा मुख्य उपाय. इतक्या वेगाने वाढणाऱ्या देहात उष्णताही तशीच तयार होते. वहिनींच्या गावरान कोंबड्या त्याच दुपारी करवंदीच्या जाळीत माती उकरून निवांत बसल्या होत्या.

तरीही ब्रॉयलरला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या लहानपणी कोंबडी कापली जायची ती जत्रेला, नाहीतर जावई आला तर. आज मजुराच्या घरी रविवारी रस्सा शिजतो, तो या झटपट वाढणाऱ्या पक्ष्यामुळेच. लोणावळ्याच्या बंगल्यांत शनिवार-रविवार येणारी मंडळी गावरानसाठी दुप्पट पैसे मोजतील. सगळ्यांना कसे परवडणार? पुतण्याला मी इतकेच म्हणालो, ‘‘दुसरी शेड बांधायच्या आधी पहिलीचं छप्पर उंच कर, जनरेटर घे. या पक्ष्याला वाढवायचं तर त्याचा पिंड ओळखून वाढवायला हवं.’’ त्याने कर्जाचा अर्ज बदलला.

त्या रात्री मी गावीच राहिलो. पहाटे डोंगरातून रानकोंबड्याची बांग आली, गावच्या कोंबड्यापेक्षा तुटक, खरखरीत. हा आपला सह्याद्रीतला करडा रानकोंबडा. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे खरे. पण तिच्या पिवळ्या कातडीचे आणि पिवळ्या पायांचे जनुक या करड्याकडून आले असावे, असे २००८मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी दाखवले. एरवी दाण्यातला पिवळा रंग कातडीत मोडून टाकला जातो. या जनुकामुळे तो तिथे टिकतो.

सकाळी शेडमध्ये गेलो. हजारो पांढरी पिल्ले खाद्यावर तुटून पडली होती आणि प्रत्येकाचे पाय पिवळेधमक होते. भूक आपण दिली, पाय डोंगराकडचे.