मुलांना घेऊन गाडीनं निघताय?

परवा लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, दिवाळीनंतर आम्ही जबलपूरला येतोय. पण रेल्वेनं नाही, कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन!"

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घरच. आत बिछाने, छोटासा ओटा, संडाससुद्धा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी धोरण आणलं, तेव्हा तिनं मला फोटो दाखवले होते. मी म्हटलं, "अगं, तुझं बालपण अर्धं असल्याच गाडीत गेलंय."

आमची गाडी होती जोंगा. नावातच जबलपूर आहे तिच्या. इथल्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून १९९९ पर्यंत ती लष्करासाठी तयार होत असे. लष्करानं निकालात काढलेल्या जोंगा लिलावात निघत. माझे सासरे गाड्यांतले दर्दी. १९९३ मध्ये त्यांनी एक घेतली आणि घरात भांडणच पेटलं, कारण ती पेट्रोल अक्षरशः पीत असे. पण मागच्या दोन आडव्या बाकांवर प्लायवूडची फळी टाकली, वर गादी घातली की पोरांना राजवाडा मिळे. लेक तेव्हा आठ वर्षांची, मुलगा चार.

जबलपूरच्या माणसाला एक सोय आहे. कुठंही निघा, नर्मदा सोबत असते. भेडाघाट तर वीसबावीस किलोमीटरवर. पहिलाच प्रवास असेल, तर लहान मुलांना तिथंच न्यावं. कुणाला गाडी लागते, कुणाला दर अर्ध्या तासानं उतरायचं असतं, हे घराजवळच कळलेलं बरं. धुआंधारच्या कठड्याशी मात्र मुलाचा हात सोडू नका. संगमरवरी कड्यांमधली नावेची सैर पावसाळ्यात बंद असते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना नावेचं आमिष दाखवून नेऊ नये. आम्ही नेलं होतं. परत येईपर्यंत भोंगा!

आमचा आवडता रस्ता अमरकंटकचा. कुंडम, शहापुरा, डिंडोरी करत सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर. शहापुऱ्याच्या पुढं थोडी वाट वाकडी केली की घुघवा लागतं. इथं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत. मुलगा एका दगडी खोडावर हात फिरवून म्हणाला, "आजोबांपेक्षा म्हातारं?" तास कसा गेला कळलं नाही. लांबच्या प्रवासात असा एक थांबा हवाच, जिथं मुलांना धावता येईल आणि मोठ्यांना 'चला, चला' म्हणावं लागणार नाही. डिंडोरीला पुन्हा नर्मदा भेटते. आणि अमरकंटकला तीच नदी एका कुंडातून निघताना आणि पुढं कपिलधारेवरून उडी घेताना दिसते. भेडाघाट आधी पाहिलेल्या मुलांना हे कोडं फार आवडतं.

खाण्याचं म्हणाल तर दुधातल्या दशम्या, कोरडी चटणी, मुरमुरे आणि भरपूर पाणी. गाडी लागणाऱ्या मुलाला उपाशी ठेवू नये, तसंच गच्च जेवूही घालू नये. त्याला पुढं बघायला सांगा, पुस्तक किंवा मोबाइल हातात देऊ नका. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना विचारूनच. जबलपूरची खोव्याची जिलबी मात्र परतल्यावर. हे आम्ही गादी धुऊन शिकलो.

आता जी गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, ती सांगते. १९९४ची नाताळची सुट्टी. अमरकंटकहून परतताना उशीर झाला. डिंडोरीला मुक्काम करू म्हटलं, तर हे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी ड्यूटी आहे, रात्रीत पोचतो." थंडी, धुकं, दोन्ही बाजूंना झाडी. मी मागं मुलाला कुशीत घेऊन पेंगत होते. लेक आजोबांजवळ पुढं बसली होती. एकदम तिचा आवाज आला, "बाबा, तुम्ही डोळे मिटलेत!" तोवर डावी चाकं रस्त्याखालच्या कच्च्या पट्टीवर गेली होती. गाडी धक्के खात थांबली. समोर दहा पावलांवर सागाचं झाड.

कुणीच काही बोललं नाही. सासऱ्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. गाडी हळूच एका ढाब्यापाशी नेली आणि आम्ही सगळे त्या फळीवर आडवेतिडवे झोपलो. ड्यूटी बुडाली. त्यानंतर आमच्या घरात अंधार पडला की चाक फिरत नसे. कुणाचं लग्न असो की बारसं.

मागे मुलं गादीवर लोळत जायची, ते आठवलं की आज काटा येतो. पट्टे नव्हतेच. आता २०१९च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सुरक्षित खुर्ची नसेल, तर चालकाला हजार रुपये दंड आहे. दंडाचं राहू द्या हो! कॅराव्हॅनमधला बिछाना गाडी उभी असतानाच वापरायचा. चालू गाडीत प्रत्येकानं खुर्चीवर पट्टा बांधून बसायचं. आणखी एक, जे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून कधीही झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आतल्या गॅस शेगडीबद्दलही तेच. स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवी.

लेकीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिला ती रात्र आठवते का, विचारलं. म्हणाली, "मला तर फक्त ढाब्यावरचा चहा आठवतो. तू पहिल्यांदाच पिऊ दिला होतास."

अडचण जावईबापूंची आहे. पुणे ते जबलपूर हजारेक किलोमीटर. ते म्हणतात, दोघं आलटून पालटून चालवू, एका दमात येऊ. मी सांगितलं, वाटेत दोन मुक्काम करा, शेवटचा नागपूरला. सिवनीमार्गे दुपारी सुखरूप पोचाल, मग नातवंडांना घेऊन घुघव्याला जाऊ. जावईबापू अजून 'बघू' म्हणताहेत. उद्या मीच पुन्हा फोन करणार आहे.