शब्दांची मुलूखगिरी : पेंढारी आणि त्याचा पेंढा

‘पेंढारी’ हा शब्द आजच्या मराठीत लुटारूचा पर्याय किंवा निव्वळ शिवी म्हणून उरला असला, तरी अठराव्या शतकात होळकर आणि शिंदे यांच्या लष्करात ते स्वारांच्या एका वर्गाचे रीतसर नाव होते, आणि म्हणूनच ‘होळकरशाही पेंढारी’ व ‘शिंदेशाही पेंढारी’ असे त्यांचे दोन भेद धन्याच्या नावावरून पडले होते. या आठवड्यात ठगांचा विषय घेण्याचे योजले होते. परंतु पेंढारी होळकरांचेच असतील तर त्यांचे नाव इतके बदनाम कसे झाले, ही इंदूरच्याच एका वाचकाची पृच्छा आधी उत्तर मागणारी असल्याने ठगांना थांबावे लागत आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी तीन मते प्रचलित आहेत. पहिले मत ‘पेंढा’ या शब्दाकडे बोट दाखवते. दुसऱ्या मतानुसार निमाडातील पंढार नावाच्या ठिकाणावरून हे नाव पडले. तिसरे मत सर्वांत चमत्कारिक असून ते ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने 1823 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात नोंदवले आहे : ‘पिंडा’ नावाच्या मादक पेयाच्या दुकानांत हे लोक सदा पडून असत, म्हणून ते पेंढारी. 1818 मध्ये माल्कमलाच शरण आलेल्या करीमखान या पेंढारी नायकाने या पेयाखेरीज दुसरी कोणतीही व्युत्पत्ती आपण कधी ऐकलीच नसल्याचे सांगितले होते. अर्थात एखाद्या वर्गातील माणसाला आपल्या नावाचे मूळ ठाऊक असतेच असे नाही, आणि विजेत्यासमोर बसलेल्या पराभूताचे उत्तर व्युत्पत्तीच्या कामी जपूनच वापरावे लागते.

‘पेंढा’ या मतावरही एक आक्षेप येतो, आणि तो शेतीतला आहे. पेंढा म्हणजे भाताचे वाळलेले काड, तर माळव्यात आणि देशावर घोड्यापुढे पडे तो प्रामुख्याने ज्वारीचा कडबा. मात्र गवताच्या किंवा कडब्याच्या बांधलेल्या जुडीला ‘पेंढी’ म्हणतात, हे ध्यानात घेतले की अडचण बरीचशी दूर होते. मुख्य फौजेच्या पुढे किंवा बाजूने फिरून वैरण व धान्य ओढून आणणे आणि शत्रूची रसद तोडणे हे या हलक्या स्वारांचे काम होते, त्यामुळे पेंढी आणणारा तो पेंढारी, हा अर्थ त्यांच्या धंद्याशी सर्वांत अधिक जुळतो. ‘पेंढारकर’ या आडनावाचा मात्र या स्वारांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. ‘-कर’ हा प्रत्यय बहुधा गावाच्या नावाला लागतो, आणि पेंढार नावाचे गाव नवी मुंबईत तळोज्याजवळ आजही असून तेथवर मेट्रोही पोहोचली आहे.

या स्वारांना नियमित पगार असा फारसा नसे. लूट हेच त्यांचे वेतन, आणि त्या परवानगीबद्दल सरकारला ते ‘पालपट्टी’ नावाचा कर भरत. पाल म्हणजे तंबू, आणि त्यावरची पट्टी ती पालपट्टी. ज्या लुटीवर सरकारी कर बसतो तिला दरोडा म्हणणे अवघड आहे, निदान कर घेणाऱ्याला तरी. मल्हारराव होळकरांनी गर्दीखान या पेंढारी नायकास सोनेरी निशाण दिल्याचे माल्कम सांगतो. निशाण मिळाले तरी पेंढाऱ्यांचा तळ मुख्य छावणीपासून वेगळाच पडे, कारण मित्राच्या सामानावरही त्यांचा हात पडण्याचे भय असे.

असाच प्रवास ‘बारगीर’ या शब्दानेही केला. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार, हा मराठीतला साधा हिशेबी भेद. परंतु 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जाऊ लागल्या, तेव्हा तोच शब्द तेथे ‘बर्गी’ होऊन मुलांना भीती घालून निजवण्याच्या अंगाईत जाऊन बसला, आणि कलकत्त्याभोवती खणू घातलेल्या खंदकालाही मराठ्यांचेच नाव मिळाले. शब्द कोणाच्या अंगणात उभा राहून ऐकला जातो, यावर त्याचा अर्थ किती अवलंबून असतो, हे पेंढाऱ्यांपेक्षाही या उदाहरणात लख्ख दिसते.

पेंढाऱ्यांच्या बाबतीत हा बदल घरातच झाला. यशवंतराव होळकरांचे 1811 मध्ये निधन झाल्यावर धन्याची पकड सैल झाली, नर्मदेच्या खोऱ्यातील टोळ्या स्वतःच्याच हिशेबाने कंपनीच्या मुलखापर्यंत धावू लागल्या, आणि 1817 मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने त्यांच्यावर जी मोहीम काढली तिच्याच ओघात 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरची लढाई व 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला. ज्या सरकारच्या नावाने ‘होळकरशाही’ हे विशेषण लागे, तेच सरकार कंपनीच्या संरक्षणाखाली गेले. विशेषण गळाले आणि नुसता ‘पेंढारी’ उरला. करीमखानाला गोरखपूरकडे जमीन मिळाली, तर चितू हा दुसरा पेंढारी नायक 1819 मध्ये सातपुड्याच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला.

ठगांना मात्र धनी नव्हता आणि पालपट्टीही नव्हती. त्यांचा विचार पुढील आठवड्यात, अर्थात आणखी एखादी पृच्छा आडवी आली नाही तर.