झाकणाखालचे जव

एस्टोनियाच्या दक्षिणेला, मुल्गिमा भागातल्या एका शेतघरात पातेलं चुलीवर रटरटतंय. तळाशी सोललेले बटाटे, त्यांच्यावर धुतलेला जवाचा भरडा, मीठ आणि बेताचं पाणी. नात डाव घेऊन पुढे होते तशी आजी तिचं मनगट धरते. "आत्ता ढवळू नकोस." भरडा खाली गेला तर बुडाला लागतो आणि सगळ्या पातेल्याला करपट वास येतो. जव वरच, वाफेवर फुलायला हवेत. झाकण पुन्हा बसतं.

आजी खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे तव्यावर टाकते. चरबी सुटते, तिच्यात कांदा लालसर होत जातो.

भिंतीवर तिच्या पणजोबांचा फोटो आहे, मुल्गी पुरुषांच्या लांब काळ्या डगल्यातला. मुल्गिमाचे शेतकरी अळशीच्या धाग्यावर सधन झाले. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात कापूस मिळेना, अळशीचा भाव चढला. त्याच युद्धाने मुंबईच्या कापसालाही सोन्याचं मोल आलं होतं. मुंबईत त्यातला बराच पैसा शेअरच्या सट्ट्यात बुडाला. इथे अळशीच्या पैशातून जर्मन जमीनदारांच्या मालकीची शेतं विकत घेतली गेली. जमिनी आल्या, तरी ताटात जुने जव आणि त्या मानाने नवखा बटाटाच राहिला. मला या माणसांचा मोठेपणा त्यातच दिसतो. २०२४ साली युनेस्कोने बटाटा आणि जवाचा हा 'मुल्गी पुदेर' करण्या-खाण्याची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

झाकण निघतं. जव टपोरे झालेत, बटाटे नुसत्या स्पर्शाने फुटतायत. आता आजीचा मुलगा जाड लाकडी दांडका घेऊन घोटायला बसतो. त्याचे दंड भरून येतात, पण आजीचं समाधान होत नाही. बटाट्याची गाठ एकही राहायला नको, जवाचा दाणा मात्र दाताखाली यायला हवा.

ताटात ढीग, मधे खळगा, खळग्यात चरबीसकट मांस आणि कांदा. सोबत रायची काळी भाकरी आणि गार आंबट दूध. शेजारी आत येतो, जेवणाऱ्यांची भाकरी पुरून उरो असं रीतीप्रमाणे म्हणतो आणि बसतो. पहिल्याच घासाला सांगतो, "आमच्याकडे घोटताना दूध घालतात."

"मग तुमच्याकडचं तुमच्याकडे खा," आजी म्हणते, आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढते.